ओ दिली नाही

बारक्याच्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न हिवाळ्यात झालं आणि हे घडलं मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं त्या दिवसांत.

बारक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. साठीला टेकलेला, फ्रिज दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. त्याला या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, त्याचे थोरले भाऊ. आईबाप लवकर गेले. दादांनीच त्याला लहानाचं मोठं केलं.

दोघे भाऊ एके काळी शीतगृहात कामाला होते. बारक्या आत खोकी रचायचा, दादा दारावर असत. दार वीतभर जाड. बाहेरून खटका पडला की आतला आवाज बाहेर येत नसे. म्हणून दादांनी एक शिस्त घालून दिली होती. दार लावण्याआधी आतल्या प्रत्येकाला नावानं हाक मारायची, आणि ज्याची हाक त्यानंच ओ द्यायची. दुसऱ्या कुणी "तो गेला हो मघाशीच" म्हटलेलं चालायचं नाही. ओ आली नाही, तर दारात पाचर मारून दादा स्वतः आत जात आणि माणूस सापडेपर्यंत बाहेर येत नसत. हमाल त्यांची टिंगल करायचे.

एकदा बारक्याचीच ओ आली नाही. थंडीनं गुंगी येऊन तो खोक्यांच्या मागे पडला होता. दादा नुसत्या चपलांवर आत गेले, कोपरा न् कोपरा शोधला आणि त्याला पाठीवर घालून बाहेर आणलं. बारक्याचं चार दिवसांच्या तापावर भागलं. दादांच्या डाव्या पायाची बोटं गेली. तेव्हापासून ते पाय ओढत चालत.

आता दादांना विसर पडू लागला होता. चहा पिऊन झाल्यावर चहा दिला नाही म्हणून रुसत. भर उन्हाळ्यात तपकिरी कानटोपी घालून बसत. आणि मध्येच, कुठंही, बारक्याला हाका मारत. घरात असला की बारक्या "ओ दादा" म्हणे. तेवढ्यानं ते शांत होत.

व्याही डॉक्टर, बोलघेवडे आणि हसरे. त्यांच्यापुढे बारक्या उगाच अंग चोरून वागे. लग्नाच्या दिवशी त्यानं दादांना शेजाऱ्यांच्या घरी बसवून ठेवलं आणि व्याह्यांना सांगून टाकलं की थोरले भाऊ बाहेरगावी असतात. बायको त्या दिवशी त्याच्याशी धड बोलली नाही.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी व्याह्यांनी दुपारच्या खेळाचा बेत ठरवला. शहरात नवं थिएटर झालं होतं, पडदा घुमटासारखा डोक्यावरून मागपर्यंत गेलेला. बर्फाच्या मुलखातल्या प्राण्यांचा माहितीपट होता. नेमके शेजारी गावाला गेलेले, आणि दादांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. बारक्यानं लवकर जाऊन दादांना पुढच्या ओळीतल्या कोपऱ्यात बसवलं आणि खेळ संपेपर्यंत उठायचं नाही असं बजावलं.

"त्यांना असं एकटं टाकताय?" बायकोनं विचारलं.

"तासाभराचा तर प्रश्न आहे. व्याह्यांची गाडी हलली की घेऊन येतो."

"त्यापेक्षा सांगून टाका ना एकदाचं."

"आज नको," बारक्या म्हणाला.

दिवे मालवले आणि चहूकडून पांढरं पसरलं. आकाश कुठं संपतं आणि बर्फ कुठं सुरू होतो ते कळेना. अस्वलाची मादी पिल्लांना घेऊन चालली होती. बर्फाला पडलेल्या भोकाशी ती दबा धरून बसली, सील श्वास घ्यायला वर येईल म्हणून. सगळं थिएटर चिडीचूप झालं.

"बारक्या, आहेस का रे आत?"

आवाज पुढच्या कोपऱ्यातून आला. लोक हसले. व्याही बारक्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "हा बारक्या गेला वाटतं अस्वलाच्या पोटात."

बारक्याही हसला. नुसता हसून थांबला नाही, "असतात एकेक," असंही म्हणाला.

"बारक्या, ओ दे रे."

बायकोनं त्याचं मनगट घट्ट धरलं. तिची नखं रुतली. तो समोर अस्वलाकडे बघत राहिला.

मग दादा कामावर बोलत तशा साध्या आवाजात म्हणाले, "थांब, मी येतो."

पाय ओढल्याचा आवाज आला. थोडा वेळ आला आणि थांबला. दादा पुन्हा खाली बसले असतील, असं बारक्या धरून चालला. पडद्याकडून गार वारा येऊ लागला. त्याला ओल्या लाकडाचा आणि अमोनियाचा, जुन्या शीतगृहातला वास होता. विहीणबाईंनी पदर अंगाभोवती लपेटून घेतला. पडद्यावर, बर्फाच्या पार टोकाला, एक तपकिरी ठिपका हलत होता. असेल एखादा प्राणी, असं त्याला वाटलं.

खेळ संपला. व्याह्यांची गाडी वळेपर्यंत बारक्या हात हलवत उभा राहिला आणि मग धावत आत गेला. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती.

दारावरचा माणूस म्हणाला, असे कुणी आजोबा बाहेर पडलेच नाहीत. कॅमेऱ्यातही दिसले नाहीत. खुर्चीपासून पडद्याच्या कडेपर्यंत गालिच्यावर एक लांब ओरखडा तेवढा उमटला होता. पडद्यामागे भिंत होती.

पोलिसांत तक्रार दिली. व्याह्यांना सगळं सांगावं लागलं.  ते फोनवर म्हणाले, "मी त्यांना माझ्या शेजारी बसवून घेतलं असतं हो."

दोन दिवस बारक्यानं रस्ते, दवाखाने, बागा पालथ्या घातल्या. बुधवारी मात्र त्याचे पाय आपोआप थिएटरकडे वळले. आत सुट्टीतल्या शिबिराची पोरं खच्चून भरली होती. अस्वलाची मादी भोकाशी बसली आणि तो ठिपका आला. या वेळी तो जवळून जात होता.

कानटोपी होती. डावा पाय ओढत होता.

प्रत्येक उंचवट्यापाशी थांबून तो माणूस त्याच्या मागे डोकावून बघे, तोंडाशी हात नेई आणि पुढे जाई.

बारक्याच्या घशाशी एकच अक्षर आलं. शेजारी शिक्षिका बसली होती, मागे पोरं एकमेकांना चिडवत होती, हसत होती. एवढ्या लोकांत ओरडायचं कसं? वेडा म्हणतील, हाताला धरून बाहेर काढतील. त्यानं ते अक्षर गिळलं. घरी बायकोनं विचारलं, कुठं होता. दुकानात, असं तो म्हणाला.

रविवारी बायको आणि व्याही त्याच्याबरोबर आले. का जायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पांढरं पसरलं. मादी बसली.

या वेळी माणूस चालत नव्हता. गुडघ्यावर हात ठेवून वाकला होता. मग तो बर्फात खाली बसला.

बारक्या उभा राहिला.

"ओ दादा!"

"बसा हो काका," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"ते माझे थोरले भाऊ आहेत," बारक्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बारक्या मीच. दादा, मी बाहेर आहे. तुम्ही परत या."

बसलेल्या माणसानं मान वळवली.

पडद्यावर पक्ष्यांचा थवा आला.

बायकोनं खालून त्याचा हात धरला. तिला काही दिसलं होतं का, हे त्यानं पुढेही कधी विचारलं नाही. खेळ संपेपर्यंत तो उभाच राहिला.

दिवे लागले. लोक उठले. पुढच्या ओळीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, दादा बसले होते.

भुवयांवर पांढरं साचलं होतं आणि ते वितळून गालांवरून ओघळत होतं. चपला कडक झाल्या होत्या. व्याह्यांनी मानेला बोटं लावली, पापण्या उचलून पाहिल्या, सदऱ्यात हात घालून छाती चाचपली. ते वर बघेनात.

"आत अजून ऊब आहे," ते म्हणाले. "जाऊन तासही झालेला नाही."

नातेवाईक अजून हरवल्याची तारीख धरतात. बारक्या प्रत्येक वेळी ती दुरुस्त करतो. दादा गेले ते त्याच्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, दुपारच्या खेळात. दुसऱ्या रविवारी नव्हे.