एकेचाळीस फुटांवरची टाळी

पटत नसेल तर इथेच थांबा. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

मागच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मंगळवार. मुलुंड पूर्व. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची. दोन ते पाच.

हे माझ्या मावसभावाच्या, यज्ञेशच्या बाबतीत घडलं. तो गाण्यांचं मिक्सिंग करायचा. एका जुन्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता. कान सोन्याचा, पण जिभेला हाड नाही. भाऊ आहे म्हणून मी ते झाकणार नाही.

पाच वर्षं घासल्यावर त्याला एका मालिकेचं शीर्षकगीत मिळालं होतं. हे जमलं तर नाव झालं, नाहीतर परत लग्नाचे व्हिडिओ. त्या दिवशी पाचच्या आत गाणं चॅनेलला जायला हवं होतं.

गाण्यात ढोलकी होती. ती वाजवली होती घाटकोपरच्या चंद्रप्रकाश काकांनी. मूळचे मालवणचे, वय सत्तरच्या पुढे. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनांत उभी हयात गेलेली.

रेकॉर्डिंग बोरिवलीला, यज्ञेशच्या मित्राकडे, नितेशकडे झालं. काका तेव्हा नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आले होते. दुसऱ्या अंतऱ्यात त्यांचा हात जरा मागे पडला.

"माका एकदा परत वाजवूक दी," काका म्हणाले.

यज्ञेश तिथेच बसला होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला...

"राहू द्या काका. हात गेलाय तुमचा. कॉम्प्युटरवर सरळ करतो मी."

 काकांनी ढोलकी खोळीत घातली. दारात थांबून ते एवढंच म्हणाले, "माझ्या ठेक्याक हात लावू नको. नीट करूचो आसात तर मी येऊन करतलंय."

तीन आठवड्यांनी काका गेले.

यज्ञेश त्यांच्याकडे भेटायलाही गेला नाही. काम होतं म्हणाला.

मंगळवारी दोन वाजता त्याने नितेशची फाइल उघडली. दोघांचे प्रोग्रॅम वेगळे. असं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात गाणं आणलं की कटकटी होतातच.

ढोलकी जड आणि संथ वाजत होती. म्हशीच्या चालीने.

हे सोपं होतं. मशीन आवाज साठवताना सेकंदाचे बारीक तुकडे पाडतं. नितेशकडे सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे, यज्ञेशकडे चव्वेचाळीस हजार शंभर. हिशोब जुळला नाही की आवाज लांबतो. यज्ञेशने फाइल बदलून घेतली. दोन मिनिटांचं काम.

आता वेग बरोबर आला.

पण ढोलकी अजूनही मागे होती. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत, सारखीच मागे.

रेकॉर्डिंगवाल्यांची एक रीत असते. वादकाच्या कानात हेडफोनमधून टिक... टिक... अशी क्लिक चालू असते. वाजवण्याआधी तो पहिल्या क्लिकवर एक टाळी देतो. मग फाइल कुठेही न्या, टाळी क्लिकवर बसवली की सगळं जुळतं.

ढोलकीच्या ट्रॅकवर सुरुवातीला टाळी होती.

कोरडी. एकच.

यज्ञेशने पडद्यावर मोजलं. टाळी क्लिकच्या एकेचाळीस मिलिसेकंद मागे होती. त्याने ट्रॅक ओढला आणि टाळी बरोबर क्लिकवर आणली. मग दुसऱ्या अंतऱ्यातले काकांचे मागे पडलेले ठोके कापून सरळ केले.

वाजवून बघितलं.

परत मागे.

त्याने पुन्हा टाळी मोजली. ती क्लिकवर नव्हती. सव्वीस मिलिसेकंद मागे होती.

"च्यायला," तो म्हणाला. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. त्याने नितेशला फोन लावला.

"अरे, तुझी टाळी सरकतेय. एका जागी राहतच नाहीये."

"कुठली टाळी?" नितेश म्हणाला.

"ढोलकीवरची. काकांची."

नितेशने पलीकडे स्वतःची फाइल उघडून पाहिली.

"काकांनी टाळी दिलीच नव्हती यार. आठवत नाही? मनगटाला सलाइनची पट्टी होती, दुखत होतं त्यांना. मीच म्हटलं राहू दे. माझ्या फाइलमध्ये टाळी नाहीये."

"मग मी काय ऐकतोय?"

"मला काय माहीत? आणि ऐक ना... तो अंतरा तसाच ठेव. बुजुर्ग माणूस होता. उगाच हात लावू नकोस."

"तू मला शिकवू नको," म्हणून यज्ञेशने फोन ठेवला.

बाहेर कबुतरं घुमायची थांबली होती. दिवसभर डोकं उठवायची ती. आता एकही आवाज नाही.

यज्ञेशने पुन्हा ट्रॅक ओढला. अंतऱ्यातले आणखी चार ठोके सरळ केले.

टाळी मोजली.

चौदा.

आणि तेव्हा त्याला ते आठवलं.

या धंद्यातल्या प्रत्येकाला एक ढोबळ माप तोंडपाठ असतं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. माणूस माइकपासून दहा फुटांवर टाळी वाजवतो, तेव्हा ती दहा मिलिसेकंद उशिरा पोचते.

उशीर म्हणजे अंतर.

आदल्या दिवाळीत त्याने बेलची नवी वायर टाकली होती. टेपने स्वतः मोजलं होतं. सोसायटीच्या गेटपासून त्याच्या खुर्चीपर्यंत एकेचाळीस फूट.

जिन्याखालच्या टपालपेट्यांपासून सव्वीस.

आणि त्याच्या दारापासून...

चौदा.

यज्ञेशने मान वळवली. दार बंद होतं. कडी आतून लावलेली.

दाराखालच्या फटीतून बाहेरचं ऊन आत यायचं. एक सरळ पट्टा. आज तो पट्टा मधोमध दोन ठिकाणी तुटला होता.

कुणीतरी पायरीवर उभं होतं.

"कोण आहे?"

 बेल वाजली नाही. पावलं हलली नाहीत. यज्ञेशच्या पाचावर धारण बसली. तो खुर्चीतून उठलाच नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. चॅनेलची ऋतिका होती.

"यज्ञेश, साडेचार झालेत. पाठवतोयस ना? सर म्हणतायत, नाही आलं तर दुसऱ्याचं लावू."

"पाठवतो. अर्धा तास दे."

"ढोलकी नीट बसव हां. नितेशच्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये लोंबत होती."

फोन ठेवून यज्ञेशने घाईघाईत आणखी दोन ठोके सरळ केले आणि दाराकडे पाहिलं. उन्हाचा पट्टा आता सलग होता.

त्याला हायसं वाटलं. फक्त क्षणभर.

कारण मागच्या सोफ्याची स्प्रिंग कुरकुरली. कुणी सावकाश बसावं तशी.

आणि तंबाखूचा वास आला. ताज्या मळलेल्या, चुना लावलेल्या तंबाखूचा.

यज्ञेशने मागे पाहिलं नाही. पडद्यावर पाहिलं.

नऊ.

आता त्याला सगळं समजलं होतं. तो काही मूर्ख नाही. ठेक्याला हात लावला की अंतर कमी होत होतं. हात लावला नाही तर ते तिथेच थांबणार होतं. केलेलं सगळं मागे घ्यायचं, काकांचा ठेका होता तसा ठेवायचा आणि गाणं पाठवायचंच नाही. फोन करून सांगायचं, जमलं नाही.

एवढंच करायचं होतं हो! मी त्याच्या जागी असतो तर अनवाणी पळालो असतो.

पण पाच वर्षं. आणि ढोलकी अजून नऊ मिलिसेकंद मागे.

"काका, माफ करा," तो पुटपुटला. एवढं बोलून त्याने माउस पुढे ओढलाच. माफी मागायची आणि तेच करायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

त्याने अंतऱ्यातले उरलेले सगळे ठोके सरळ केले. ट्रॅक ओढला. हेडफोन कानांवर चढवले आणि गाणं सुरू केलं.

क्लिक आणि टाळी एकदम वाजली.

शून्य.

टाळी हेडफोनमध्ये नव्हती. ती त्याच्या उजव्या कानाशी होती. हाताचा वारा गालाला लागला.

मग ढोलकी सुरू झाली. एक ठोका इकडेतिकडे नाही. इतकी सुंदर की यज्ञेशच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं की कशाचं, त्याला आजही सांगता येत नाही.

दुसरा अंतरा आला. आणि ढोलकीच्या वर, अगदी जवळून, आवाज आला...

"आता लाव हात."

त्याच्या उजव्या मनगटावर पाच बोटं बसली. थंड. बोटांची टोकं ढोलकीवाल्याची, घट्टे पडलेली.

गाणं संपेपर्यंत ती सुटली नाहीत.

पाचला पाच मिनिटं असताना गाणं चॅनेलला पोचलं. कुणी पाठवलं, ते त्याला आठवत नाही. सगळ्यांना ते आवडलं. ढोलकीचं तर फार कौतुक झालं. मालिका अजून चालू आहे. संध्याकाळी सात वाजता त्याच्या सोसायटीत घराघरांतून ते गाणं लागतं, आणि यज्ञेश तेवढा वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहतो.

नाव झालं. काम मात्र सुटलं.

कारण आता तो कुठलीही फाइल उघडतो, कुणाचीही, त्यात सुरुवातीला एक टाळी असते. बरोबर शून्यावर. ती कापता येत नाही. त्याने एका लहान मुलीचं बडबडगीत उघडून पाहिलं. त्यातही होती. स्टुडिओ विकला. आता तो भावोजींच्या दुकानात बसतो.

उजव्या मनगटावर पाच फिकट डाग आहेत. डॉक्टर म्हणतात, ॲलर्जी.

गेल्या रविवारी तो आमच्याकडे घाटकोपरला आला होता. हे सगळं त्याने मला तेव्हाच सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "अरे, तुला ताण आला होता. झोप नव्हती. काका गेले, तुझ्या मनाला लागलं असणार."

तो समोरच्या खुर्चीत बसून राहिला.

आणि खोलीत एक टाळी वाजली.

कोरडी. एकच.

मी दचकलो. चिडलोही. "यज्ञेश, गंमत पुरे हं. टाळी कशाला वाजवतोस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

त्याच्या दोन्ही हातांत चहाचा कप होता.

तो गेल्यावर मी दार लावलं, कडी घातली. खुर्चीपाशी तंबाखूचा वास अजून तसाच होता. मग कपाटातून टेप काढली आणि तो बसला होता त्या खुर्चीपासून माझ्या पलंगापर्यंतचं अंतर मोजलं.

अकरा फूट.

मोजायला नको होतं.