रिकाम्या खुर्चीतला सयाजी

जोतिबाची शपथ घिऊन हा हरिबा सांगतो पोरांनो, खरं हाय ह्ये. म्हंजे... मी सोता बघितलं न्हाई. पर सांगलीचा चिंतामण फोटूवाला माझ्या वळखीतला, आन त्यो दारू पीत न्हवता. लय न्हाई.

चव्वेचाळीस साल, मार्गशीर्षातली अवस. चिंतामण मेढ्याजवळच्या वाडीत राहीबाईच्या घरचा फोटू काढाय गेला. तिचा सयाजी बर्म्याच्या लढाईत. आठ म्हैनं पत्र न्हाई. तवा पलटणीतल्या घरांची रीत हुती, फोटूत पोराची खुर्ची रिकामी ठिवायची. रजेवर आला की त्येचा येगळा फोटू काढून तितं जोडायचा.

मोटर वाटंत बंद पडली. पोचाय रात्रीचं आठ झालं. अंगणात बत्ती लावली. म्हातारी, धाकटा अर्जुना, मधी खुर्ची.

"उजेड कमी आहे," चिंतामण म्हनला. "दहा मोजेपर्यंत हलू नका. हलेल तो पुसट येईल."

"बरं झालं दादा न्हाई," अर्जुना म्हनला. "त्येच्या बुडाला काटं हायती."

"गप रं," राहीबाई म्हनली. "मास्तर, मोजा."

सांगलीत लाल दिव्याखाली त्यानं काच धुतली. तवा फोटू काचंवर उतरायचा.

म्हातारी पुसट. अर्जुनाला तीन तोंडं.

खुर्चीत एक गडी. खाकी कपडं. नाक राहीबाईचं. मिशीचा क्यास न क्यास मोजून घ्यावा.

जित्तं मानूस थोडं तरी हलतंच...

ह्यो हललाच न्हवता.

म्हातारीला दाखवायचं कसं? चिंतामणनं सुरीनं गडी खरवडून काढला. छापल्यावर तितं काळा डाग आला. त्यानं लिहून धाडलं, बत्तीची सावली पडली.

मग माधवनगरात लगीन. नवरा, नवरी, मधी सयाजी. साताऱ्यात वकिलांच्या मंडळाचा फोटू. अध्यक्षाच्या खुर्चीत सयाजी, अध्यक्ष त्येच्या मांडीवर. सहा म्हैन्यात धंदा बसला.

शेवटी त्यानं ती खरवडल्याली काच पुन्ना छापली. डाग गेलेला. सयाजी जितल्या तितं. कागद घिऊन चिंतामण वाडीवर गेला.

"राहीबाई, मी खोटं बोललो. तो आला होता."

तिनं फोटू बत्तीखाली धरला.

"येवडा गप कवा बसला न्हाई त्यो," म्हनली.

बास. तिसऱ्या दिशी वारली.

सयाजी परत कुनाच्या फोटूत आला न्हाई. पर गिऱ्हाईकबी आलं न्हाई. चिंतामणनं दुकान मोडलं, ती काच मला दिली. म्हनला, घरात ठिववत न्हाई.

काचंवर अर्जुना अजून पुसटच हाय.

राहीबाई...

आता लख्ख दिसती.

काच ह्या पिशवीत हाय. बघायची आसंल तर दोन-दोन आनं काढा. फुकटात भ्याला तेवढं बास.