गृहमोहिनीचं शेवटचं पान

पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याची गाडी लागली, तेव्हा प्रणिताच्या हातात एवढं मोठं खोकं होतं की तिला समोरचं काही दिसत नव्हतं. पायरी चुकली, खोकं कलंडलं... आणि मागून कुणीतरी ते अलगद सावरलं.

"लग्नाला?" मागचा आवाज म्हणाला.

"नाय. भांडायला."

तिला खिडकीशी जागा मिळाली. तो शेजारीच येऊन बसला. गाडीत दुसऱ्या जागा नव्हत्या असं नाही, हे प्रणितानं मनातल्या मनात टिपून ठेवलं. निळ्या चौकड्यांचा शर्ट, खिशाला टेस्टर आणि एक तोकडी पेन्सिल. डोळे मात्र हसरे — उगाचच.

"अर्धं खोकं माझ्या मांडीवर द्या. जड दिसतंय."

"त्यातलं निम्मं वजन माझ्या रागाचं हाय."

"मग तेच द्या."

शहाण्णव सालचा मे महिना. उकाडा मी म्हणत होता. राग कुणाला तरी सांगायचाच होता, आणि वडखळ येईपर्यंत तिनं सगळं सांगून टाकलं.

एप्रिलमध्ये तिच्या दादाचं लग्न झालं आणि आहेरात हे 'गृहमोहिनी' आलं. वाटणार, किसणार, कणीक मळणार, रस काढणार... अकरा भांडी, सात पाती आणि एक इंग्रजी पुस्तिका. पण बटण दाबण्याआधी झाकणाचा बाण भांड्याच्या बाणाशी आणि भांड्याचा बाण मशिनच्या बाणाशी जुळायला हवा. दादाची पत्रिकासुद्धा याहून लवकर जुळली होती! लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आईनं, म्हणजे गिरजाबाईंनी, नव्या सुनेला त्यात खोबरं वाटायला सांगितलं. पूजावहिनीनं बाण जुळवले, बटण दाबलं. मशिन 'घूं' म्हणालं, लाल दिवा लागला, जळका वास आला आणि खेळ खलास.

तेव्हापासून आई आल्यागेल्याला सांगत होती, "नव्या सुनेनं तिसऱ्या दिवशी मशिन जाळलं हो!" वहिनी काही बोलायची नाही. मान खाली घालून पाट्यावर वाटण वाटायची. पण तिनं विजेच्या बटणांना हात लावणंच सोडलं. घामानं निथळत बसायची, पण पंखा लावायचा तर दुसऱ्याला हाक मारायची.

"आणि आता आई म्हणते, हेच खोकं गुंडाळून माझ्या मैत्रिणीच्या लग्नात देऊ. मी म्हटलं, माझ्या हातानं तर मुळीच नाय!"

हा आहेर मुळात कुणाचा, हे बघायला प्रणिता घरी खोक्यावरची नावाची पट्टी ओल्या फडक्यानं सोडवायला बसली, तर पट्टीखाली दुसरी पट्टी. तिच्याखाली तिसरी, मग चौथी. पेण, नागोठणे, कोलाड... ज्याला आहेर मिळाला त्यानं आपलं नाव वर चिकटवून खोकं पुढं ढकललेलं. सगळ्यात खाली — 'शुभाशीर्वाद! कमळाकर इलेक्ट्रिकल्स, रोहा.'

"पण आईचं एकच. तीन घरांत कुणी उघडलंच नव्हतं, म्हणजे कोरं करकरीत होतं, म्हणजे जाळलं ते हिनंच. आता दुकानवाल्यानंच सांगायला हवं, की हे मुळातच बंद होतं."

दुकानाचं नाव ऐकून तो खिशातल्या पेन्सिलीशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "ते नाय म्हणाले तर?"

"तर दुकानासमोर बसेन. या खोक्यावर."

"तुम्ही खरंच बसाल..." तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा त्यानं पानाच्या द्रोणात करवंदं आणली. एक तिच्यापुढं धरलं. "कोंबडा की कोंबडी?"

"कोंबडा."

करवंद आत लालभडक निघालं. कोंबडाच! ती जिंकली. मग सहा वेळा जिंकली, आणि सातव्या वेळी त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं, तेव्हा कोण जिंकलं हे दोघांनीही पाहिलं नाही. भांडायला निघालेल्या मुलीनं असं लाजावं का? प्रणितानं स्वतःलाच दटावलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

रोह्याला मात्र तो खोकं उतरवून देऊन, "येतो," एवढंच पुटपुटत गर्दीत दिसेनासा झाला. नावसुद्धा न सांगता.

विचारत विचारत ती दुकानात पोहोचली. काउंटरवर गंध लावलेले कमळाकरशेठ, आणि त्यांच्या बाजूला नव्या कोऱ्या कंप्युटरपुढं... तोच!

"तुम्ही?"

"हा माझा भाचा, हरेश," शेठ म्हणाले. "काय पाहिजे?"

तिच्याआधी एक आजोबा बल्ब घ्यायला उभे होते. कंप्युटर त्यांच्या वडिलांचं नाव विचारत होता. ते दिलं. पिनकोड विचारला. तोही दिला. मग म्हणाला, बल्बचा मशिन नंबर टाका.

"बल्बाला कुठला नंबर?" आजोबा म्हणाले. हरेशनं आठ शून्यं दाबली. पडदा गोठला. तो बंद करून पुन्हा चालू केला, तर कंप्युटर पुन्हा पहिल्यापासून — वडिलांचं नाव? आजोबा 'अंधारच बरा' म्हणत निघून गेले.

प्रणितानं खोकं काउंटरवर आदळलं. शेठनी खोक्यावरचा मशिन नंबर हरेशला वाचून दाखवला. पडद्यावर उत्तर आलं: नोंद नाही.

"कंप्युटरमध्ये नाय, म्हणजे आमच्याकडचं नाय," शेठ म्हणाले.

"पट्टीवर तुमचं नाव हाय. आणि कंप्युटर तर यंदाच्या पाडव्याला आणलेला दिसतोय, हार अजून तसाच हाय त्याच्यावर!"

"ताई, मशिन खोटं बोलत नाय."

"नाय बोलत. त्यासाठी माणसं आहेत." ती हरेशकडे बघत होती. तो कीबोर्डकडे बघत होता.

ती बाहेर पायरीवर खोकं ठेवून त्यावर बसली. थोड्या वेळानं तो पाण्याचा पेला घेऊन आला. हलक्या आवाजात म्हणाला, "पुस्तिकेचं शेवटचं पान बघा."

तिनं पान उघडलं. कोपऱ्यात, पेन्सिलीनं, मुंगीएवढं: 'हे मशिन चालत नाही. मी लावून पाहिले आहे. १२ मार्च १९९५. — ह.'

"कंपनीनं परत घेतलं नाय. मामांनी आहेरात काढलं. मला वाटलं, कुणीतरी वाचेल..."

"पेन्सिलीनं? शाई संपली होती का रोह्यातली?" तिचा आवाज चढला. "माझी वहिनी महिनाभर मान खाली घालून बसल्ये, आणि तुम्ही कोपऱ्यात मुंग्या काढून ठेवता! एसटीत दीड तास माझ्या शेजारी बसलात... तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

"मामांकडे राहतो. त्यांचंच खातो." त्यानं पेला पायरीवर ठेवला. "आणि तुम्ही हसत होतात. ते थांबू नये असं वाटलं."

तिचं मन हललं. खोटं कशाला सांगा, चांगलंच हललं. पण ती उठली. "पुसून टाकता येईल असं बोलणारी माणसं मला नाय आवडत. पेणला कुंभार आळीत, मारुतीच्या देवळासमोर आमचं घर. बोलायचं असेल तर तिथं येऊन बोला. मोठ्यानं."

खोकं तिनं एकटीनं उचललं.

घरी आईला पान दाखवलं. गिरजाबाईंनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाल्या, "पेन्सिलीचं काय गो, तूच लिवलं असशील वहिनीसाठी." झालं! वहिनी आत निघून गेली. दोन दिवस प्रणिता दारात कुणी आलं की दचकायची, आणि दचकल्याबद्दल स्वतःवर चिडायची.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. घामानं भिजलेला, हातात कापडी पिशवी. ओटीवर खोकं उघडलं, मशिन उलटं केलं, टेस्टरनं स्क्रू काढले आणि गिरजाबाईंना जवळ बोलावलं.

"मावशी, बघा. ही वायर कारखान्यातच उलटी जोडलेली हाय. बटण कुणीही दाबलं असतं तरी हे चालणार नव्हतंच, मी लावलं तेव्हाही असाच जळका वास आला होता. मला गेल्या वर्षीच ठाऊक होतं. मी गप्प बसलो. चूक माझी, तुमच्या सुनेची नाय."

गिरजाबाई वायरीकडे बघत राहिल्या. मग एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेकडे. बाई तोंडाळ खऱ्या, पण लबाड नव्हेत. तशाच उठून अंगणात गेल्या आणि ज्या आवाजात महिनाभर बदनामी केली, त्याच आवाजात शेजारणीला हाक मारली.

"धोंडुबाय! ऐकलंस का गो? ते मशिन आमच्या पूजानं नाय जाळलं! आधीच मेलेलं होतं! सगळ्यांना सांग!"

इकडे प्रणितानं हळूच विचारलं, "मामा काय म्हणाले?"

"म्हणाले, परत येऊ नको. मग म्हणाले, संध्याकाळी ये, हा कंप्युटर कुणाकडून सुरू होत नाय." तो पहिल्यांदा मनापासून हसला. "नाय जाणार. इथंच स्टँडमागं टपरी बघितल्ये. रिपेरिंगची."

मग त्यानं पुस्तिका मागितली. पिशवीतून शाईचं पेन काढलं, शेवटच्या पानावर त्या मुंग्यांच्या खाली ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं, आणि पान प्रणिताला न देता थेट गिरजाबाईंच्या हातात दिलं.

गिरजाबाईंना मनात वाचता येत नसे. त्या वाचत त्या मोठ्यानंच, एकेक अक्षर लावत. धोंडुबाई दारात येऊन उभ्या होत्याच.

"मला... प्रणिता... आवडते. तिची... हरकत नसेल... तर... लग्नाचं... विचारायला... येईन. हरेश पाशिलकर, अष्टमी, रोहा."

गिरजाबाई तोंड उघडून लेकीकडे बघू लागल्या. प्रणिताचे कान तापले होते, पण मान खाली गेली नाही. तिनं त्याच्या हातातून पेन घेतलं, आईच्या हातातून पुस्तिका घेतली आणि खाली लिहिलं — 'हरकत नाही.' त्याखाली आपलं पूर्ण नाव. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचूनही दाखवलं.

"एक अट," ती म्हणाली. "पत्रिकेवर छापायचं. आहेर आणू नये."

"विजेवरचा तर नायच नाय," हरेश म्हणाला आणि बाहीनं कपाळ पुसलं.

"केवढा घामाघूम झालाय पाहुणा," पूजावहिनी म्हणाली. महिन्याभरात ती एवढं मोठ्यानं बोलली नव्हती. दारातून पुढं आली, भिंतीपाशी गेली आणि कुणालाही हाक न मारता तिनं पंख्याचं बटण दाबलं.

पंखा गरगर फिरू लागला. पुस्तिकेची पानं फडफडली, आणि शेवटचं पान उडू नये म्हणून दोन हात एकदमच पुढं झाले.