आत्याच्या वस्तू अन् माझ्या थापा

“दीदी, हा मुखवटा कुठचा?”

दीदी? मी काय याची मोठी बहीण दिसून राहिली? जुन्या धुळीनं शिंकून शिंकून नाक लाल झालेला हा पोट्टा संस्कृती खात्याचा, नाव गंधार. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाली, अन् तिथल्या बुढापारा मोहल्ल्यातलं आमचं घर संग्रहालय होणार होतं. घर माझ्या आनंदीआत्याचं. ती जगभर फिरली, प्रवासाची सात पुस्तकं लिहिली, अन् प्रत्येक देशातून काही ना काही उचलून आणलं. आता ती नाही, म्हणून त्या वस्तूंची माहिती मी सांगायची होती.

पण आत्या सांगायची तेव्हा मी अर्ध्या कानानं ऐकलेलं! कबूल करायची लाज वाटली. ठोकून दिलं, “मेक्सिकोचा. तिथं नवरदेव घालतो, रुसलेल्या नवरीला हसवायला.”

तो हसला... अन् मी गेलेच कामातून.

मग रोज दुपारी चहा अन् रोज नवी थाप. रशियन बाहुली, जपानी पंखा — प्रत्येकात एक प्रेमप्रकरण! तो मन लावून ऐकायचा, वहीत लिहायचा. पंधरा दिवसांत दीदीची अनु झाली.

बघता बघता शेवटचा दिवस आला. उद्या उद्घाटन! माझ्या थापा भिंतीवर लागणार, कुणी जाणकार हसणार, अन् गंधारची नोकरी जाणार. त्याच्या मनातून मी उतरणार, ते वेगळंच.

“गंधार, थांब. त्या गोष्टी... सगळ्या मी मनानंच रचल्या.”

“माहीत आहे मले.”

“आँ?”

“आत्याबाईंची सातही पुस्तकं वाचूनच आलो होतो. मुखवटा बालीचा आहे. पाट्यांवर खरं तेच लिहिलं आहे.”

मी भडकले. “मग पंधरा दिवस काहून विचारून राहिला होता मले?”

“तू हात हलवून सांगते ना... बांगड्या वाजतात.” त्याचे कान लाल झाले. “काम चार दिवसांचं होतं, अनु. साहेबांना मी पण थापाच मारल्या.”

अस्सा राग आला, अन् अस्सं हसू!

“आता एक खरं सांगू?” मी त्याची वही मिटली. “उद्यापासून तू आला नाही, तर मले करमणार नाही. जीव जडला आहे माझा तुझ्यावर.”

त्यानं मान डोलावली. मग हळूच म्हणाला, “हव.”

“हव काय, हव? नीट बोल!”

“माझा तर पहिल्या दिवशीच जडला. रविवारी आईले घेऊन येतो. तुझ्या बाबांना विचारू.”

बाबा समोरच, ओसरीवर पेपर वाचत बसलेले. रविवारपर्यंत कोण थांबतं? मी तिथूनच ओरडले, “बाबाऽऽ!”