अकरा नंबरचा बिल्ला

माझे मोठे मामा कधीच खोटं बोलत नाहीत, असं मी म्हणणार नाही. आयुष्यात एकदा बोलले. त्याचीच ही गोष्ट. बाकी सगळं खरं आहे. शेवटचं तर मी स्वतः पाहिलंय.

वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे सव्वादोन. रणरणतं ऊन, जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली.

जागा म्हणजे विमानं तोडायचं यार्ड. हवाई दलातून निवृत्त झालेली लढाऊ जेट विमानं तिथे ओळीने उभी असत. एखादं नशीबवान निघालं तर बागेत शोभेला जाई. उरलेली मामा गॅस कटरने कापत.

यार्डात एक नियम होता. विमानात शिरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला पुढच्या चाकाजवळच्या हुकाला लावायचा. हुकावर बिल्ला असेल तर कटर पेटवायचा नाही. आणि ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, बाहेर आल्यावर.

मामांचा नंबर बारा. त्यांच्या जोडीदाराचा अकरा. या जोडीदाराला सगळे मास्तर म्हणत, कारण दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"आधी पत्र्यावर दोन ठोके मार. आतून दोन ठोके आले तर थांब. नाही आले तर पेटव," हे तो मामांना दिवसातून दहा वेळा ऐकवायचा.

"मास्तर, पाटी-पेन्सिल पण आणू का?" मामा चिडवायचे.

ज्या दुपारची ही गोष्ट, तिच्या वर्षभर आधी एकदा मामांनी ठोके मारले नाहीत. हुकाकडेही पाहिलं नाही. टाकीत इंधनाची वाफ उरली होती, तिने पेट घेतला.

मास्तर आत होता...

धावपळीत मामांनी हुकावरचा अकरा नंबर काढला आणि भट्टीत जाणाऱ्या भंगारात टाकून दिला. चौकशीत म्हणाले, "हूक रिकामा होता." कागदावर तसंच लिहिलं गेलं. चूक मयताची.

मास्तरची बायको मामांना एवढंच म्हणाली, "भाऊजी, दारातल्या चपला वाकड्या दिसल्या तरी हे घर डोक्यावर घ्यायचे. हे बिल्ला विसरतील?"

मामांनी चपला घातल्या आणि निघाले.

त्यानंतर मामांना काही वाटेनासंच झालं. रडू नाही, राग नाही. मामी विचारायची, "मीठ जास्त पडलंय का हो?" मामा म्हणायचे, "असेल."

तर त्या दुपारी, वर्षभर तसंच उभं असलेलं तेच विमान कापायला मामांना पाठवलं.

त्यांनी हूक पाहिला. रिकामा. पान्याने पत्र्यावर दोन ठोके मारले. थांबले. काही नाही.

मामांनी लायटर काढला.

टण्... टण्...

आतून.

मामा शिडीवर चढले. बॅटरी मारून कोपरा न् कोपरा पाहिला. काळवंडलेला पत्रा. कोणी नाही.

खाली उतरले तर हुकावर बिल्ला होता. वारा नव्हता, तरी हलत होता...

अकरा.

भट्टीत कधीच वितळून गेलेला.

आपली पाचावर धारण बसली असती. मामा म्हणतात, "मला भीती नाही वाटली. कुणीतरी रुमाल विसरलाय, तसं मी त्याच्याकडे बघितलं." त्यांनी तो काढून खिशात टाकला आणि वळले.

मागे बारीकसा आवाज झाला...

खिसा रिकामा. बिल्ला हुकावर.

मामांनी पुन्हा काढला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो इतका तापला होता की बोटांना फोड आले. पण दुखलं नाही. मामांना विचित्र वाटलं ते एवढंच.

या वेळी त्यांनी मूठ घट्ट मिटली आणि सरळ सुपरवायझरची केबिन गाठली.

"साहेब, त्या दिवशी हूक रिकामा नव्हता."

मग तशीच मिटलेली मूठ घेऊन ते मास्तरच्या घरी गेले. सगळं सांगितलं. बिल्ला वहिनींच्या हातावर ठेवला.

"एवढा गरम कसा?" वहिनींनी विचारलं. मामांना वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"तुम्ही कशाला काढलात?" त्या म्हणाल्या. "त्यांचा बिल्ला त्यांना काढू द्यायचा होता. आता ते बाहेर कसे येणार? जा, होता तिथे लावून या."

मामांनी लावला.

पुढे पुन्हा चौकशी झाली. कागदावरचा मास्तरवरचा ठपका पुसला गेला. मामांची नोकरी गेली, बारा नंबर जमा करून घेतला. शिक्षाही भोगून झाली. ते विमान कापायला मात्र कोणी तयार होईना. बाहेरून धड होतं, म्हणून रंग देऊन एका बागेत चौथऱ्यावर ठेवलं.

मामा दर आठवड्याला तिथे जातात. गेल्या महिन्यात मीही सोबत गेलो. दुपारच होती.

मामांनी चाकाजवळ वाकून पाहिलं. रंगाचे दोन हात बसलेत, पण हूक तसाच आहे. त्यावर अकरा नंबर. रंगाचा एक थेंब नाही त्याच्यावर.

"मास्तर अजून आतच आहे," मामा म्हणाले. चहा गार झालाय म्हणावं, तसं.

मी पण वाकलो. आणि अंगावर काटा आला...

अकराच्या शेजारी दुसरा बिल्ला होता. बारा.

"मामा, हा कधी लावलात?"

"मी नाही लावला."

"मग काढा ना! तुमचाच तर आहे."

मामांनी हात पुढे केला नाही.

"बाहेर आलो की काढेन," ते म्हणाले.

आम्ही दोघं बागेतच उभे होतो. भर उन्हात.

पत्र्यावर दोन ठोके मारून पाहावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण आतून उत्तर आलं, आणि ते एकट्या मास्तरचं नसलं तर...

मी हात खिशात घातले, आणि मामांना घेऊन घरी आलो. पण खरंच घेऊन आलो का, ते मला अजून कळत नाही.