शंकेखोर तिसरा मजला

"अहो, तिसरा मजला! खिडकी लावा ना!"

बर्फात उभी राहून मी ओरडले. उष्णता दाखवणाऱ्या माझ्या कॅमेऱ्यात अख्खी इमारत निळी-पिवळी दिसत होती आणि ती एकच खिडकी... निखाऱ्यासारखी लाल!

खिडकीतून एक विस्कटलेलं डोकं बाहेर आलं. अंगात नुसता बनियन.

"लावली तर उकडून मरेन! रेडिएटर बंदच होत नाही."

"आणि पाचव्या मजल्यावरच्या आउस्मामावशी कुडकुडतायत!"

"मग त्यांना इथे पाठवा. नाहीतर... तुम्हीच या. नाक बघा किती लाल झालंय."

गेले मी वर. कामासाठीच!

आमची कंपनी जुन्या इमारतींना उबदार आवरण चढवते, हीटिंग सुधारते. खर्च आमचा, वाचलेल्या बिलातून तो हळूहळू वसूल. "माडारा, लाटव्हियातल्या या त्सेसिस गावातली एक इमारत 'हो' म्हणू दे," आमचे साहेब मला म्हणायचे, "की सगळं गाव आपलं! अशा जुन्या इमारती युरोपभर आहेत." आणि 'नाही' म्हणाली, तर इथलं ऑफिस बंद, माझी बदली थेट राजधानीत, रीगाला.

निम्म्याहून जास्त घरांचा होकार हवा होता. तालिस, म्हणजे तो बनियनवाला, पियानो सुरात लावायचा आणि शंका काढायचा.

"भिंतींना बुरशी आली तर?"

पुढच्या आठवड्यात, "फटींतल्या पाखरांनी कुठे जायचं?"

मग, "घर कोरडं पडून माझा पियानो बिघडला तर?"

उत्तराला दोन मिनिटं लागायची. त्याच्या हातच्या बीटच्या सुपाला मात्र अख्खी संध्याकाळ. तिसऱ्या सुपाला 'तुम्ही'चं 'तू' झालं.

शेवटी सभा भरली. सगळी मोजणी झाली आणि गाडी एका मतावर अडली. तालिस खाली मान घालून म्हणाला, "माझी अजून एक शंका आहे..."

आउस्मामावशी काठी आपटत उठल्या. "शंका कसली मेल्या! ती मुलगी दर आठवड्याला यावी म्हणून हे नाटक! माझ्या गुडघ्यांचं काय? आणि तू गं, तुला फोनवर उत्तर देता येत नव्हतं?"

सभा खो खो हसली. मी लाजेनं अर्धमेली. तालिसनं हळूच हात वर केला. मी जिंकले होते... तरी अभिनंदनाला न थांबता जिन्याकडे निघाले.

जिन्यात त्यानं मला गाठलं.

"होकार दिला खरा. पण आता तू दुसऱ्या इमारतीत जाणार. तिथेही असेलच कुणीतरी सूपवाला..."

"करार नीट वाचला नाहीस वाटतं? बचतीची हमी आमची. दर हिवाळ्यात येऊन तपासावं लागतं. वीस वर्षं."

त्याचा चेहरा खुलला, मग लगेच पडला. "फक्त हिवाळ्यात?"

"करारात तेवढंच आहे."

"आणि... उरलेल्या ऋतूंचं कुणाशी बोलायचं?"

"माझ्याशी," मी त्याची बाही धरली. "आणि लवकर बोल. वसंत तोंडावर आलाय."