हिरामणचा जादा फेरा

"पाटी पुढं ठेव गो. मागं ठेवलीस तर होडी बुडंल... आनि मीपन."

रेवदंड्याच्या बंदरावर गुडघाभर पाण्यात उभी राहून मी वर पाहिलं. सुकाणूवर नेहमीचे म्हातारे तुकारामतात्या नव्हते. एक सावळा, शेलाटा तरुण बसला होता आणि माझ्या सुक्या बोंबलांच्या पाटीकडे बघून चक्क हसत होता.

"तात्या कुठं हायत?"

"मामाचे गुडघे धरलेत. आता मीच. हिरामन, श्रीवर्धनचा."

"मी नाव इचारलं न्हाय."

"म्हनूनच सांगितलं," तो म्हणाला. आगाऊच होता मेला!

तेव्हा खाडीवर पूल नव्हता. पलीकडे साळावला जायचं तर ही शिडाची होडी. आम्ही कोळीवाड्यातल्या बायका सकाळी पाट्या घेऊन निघायचो आणि पलीकडच्या गावांत मासळी विकायचो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो कुशीवर घेतला की होडी सरळ साळावला लागते. त्या दिवशी मात्र हिरामणने अर्ध्या खाडीत होडी वळवली, मुखाकडे भलामोठा फेरा मारला आणि मग सावकाश काठाला आणली.

आमच्यात बाया मासेमारीला जात नाहीत, पण म्हणून काय वारा कळत नाही?

"वारा सरल हाय. मंग फेरा कशाला?" मी विचारलं.

"तिकडं पान्याखाली गाल साचलाय, होडी रुतंल."

"कदीपासून?"

"तू बसलीस तवापासून."

मी तोंड फिरवलं, हसू दिसू नये म्हणून. पण दुसऱ्या दिवशी पाटी पुढे ठेवली आणि मी स्वतः मात्र सुकाणूजवळ जाऊन बसले.

मग रोज तेच. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं, शिडाची मंद फडफड... आणि तो फेरा. होडीत एवढी शांतता असायची की पुटपुटलेलंही ऐकू यायचं. एक मोसम त्याने कुठल्याशा लाँचीच्या इंजिनखोलीत काम केलं होतं. "घरी गेलो का आय हाका मारायची," तो म्हणाला, "कानात इंजिनच घुमायचं, मला ऐकूच येत नव्हतं. तिला वाटायचं, पोरगा रुसला. म्हनून सोडलं काम." हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तो आवडायला लागला तो तेव्हा, हे मी सरळच सांगते.

एकदा तो थांबत थांबत म्हणाला, "तुलशे... एक इचारू?"

तेवढ्यात कोर्लईची इंजिनाची होडी शेजारून गेली. त्या भागात नवीनच आलेली. काळा धूर, कानठळ्या बसवणारा आवाज, मागे पाण्यावर तेलाचा तवंग. हिरामणचे ओठ हलले, एकही शब्द कळला नाही.

"काय म्हनलास?"

"काय न्हाय... परत कदी."

आणि माझं नशीब बघा, त्याच इंजिनवाल्या घरातून मला मागणी आली!

माझे बाबा, भागोजी, हावरे नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ वारा पडल्यामुळे गेला. होडी बाहेर समुद्रात अडकली, प्यायचं पाणी संपलं. होडी आली तेव्हा काका तिच्यात निपचित पडला होता. "इंजिनवाला नवरा वाऱ्याची वाट बघत बसनार न्हाय," बाबा म्हणाले. "घरी येईल. तुजं काय म्हननं?"

मी काय म्हणणार? हिरामणने काही विचारलेलंच नव्हतं. मी गप्प बसले, आणि आमच्याकडे मुलीचं गप्प बसणं म्हणजे होकार.

दुसऱ्या सकाळी बाबा नारळ घेऊन माझ्याबरोबर होडीत चढले. हिरामणने त्यांना हात दिला.

"कोर्लईला चाललोय," बाबा खुशीत म्हणाले. "पोरीचा शब्द द्यायला."

हिरामणने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शिडाची दोरी ओढली आणि नजर समोर लावली.

अर्धी खाडी आली. मी वाट पाहत होते. आता वळवेल... आता. होडी वळली नाही. सरळ, नाकासमोर, साळावकडे निघाली. मला असा राग आला! एवढा शहाणपणा! एवढा भला माणूस व्हायचंय याला, माझ्या जिवावर?

"हिरामन," मी म्हणाले, "आज फेरा का न्हाय?"

हळूच म्हणाले होते, पण त्या होडीत हळू असं काही नसायचंच. सगळ्या बायकांनी माना वळवल्या.

"कसला फेरा?" बाबांनी विचारलं.

"रोज मारतो," शेजारची सोनूबाई पदराआड हसत म्हणाली. "रोज आमाला बाजाराला उशीर. आमी काय आंधल्या हाव? पोरांचं जमतंय म्हनून गप्प बसलो."

बाबांनी हिरामणकडे बघितलं. त्याचा चेहरा पार उतरला होता, पण नजर त्याने चुकवली नाही.

"खरं हाय, काका," तो म्हणाला. "मला तुलशी पायजेल. सांगायला उशीर केला, ही माजी चूक."

बाबांनी शिडाकडे बोट दाखवलं.

"आन वारा पडला तर?"

मी बाबांचा तो हात धरला.

"काका बाहेर समुद्रात होता, बाबा. कुनाला दिसला न्हाय, म्हनून गेला. हा खाडीत असतो. वारा पडला तरी दोन्ही काठांवरून दिसंल. मी बंदरावर उभी रायले तरी मला दिसंल."

बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या भावाचं नाव घरात कुणी काढत नसे, आणि मी भर होडीत काढलं होतं. होडी चिखलाला लागली. बायका पाट्या घेऊन एकेक उतरल्या. मीही उतरले.

बाबा उतरलेच नाहीत. मांडीवर नारळ घेऊन तसेच बसून राहिले. मग त्यांनी हिरामणला विचारलं, "तुकाराम घरी हाय का रं?"

"हाय. मामा कुठं जातोय त्या गुडघ्यांनी?"

"मंग मला त्याच्याकडं ने."

हिरामणने वल्ह्याने होडी काठावरून ढकलली. वल्हं त्याच्या हातून दोनदा निसटलं. मी चिखलात उभी राहून हसत होते, रडतही होते. सोनूबाईने माझी पाटी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "चल, नवरीबाय, बोंबील इकायचे हायत."